विहीणबाईंचे पाच ऋतू

शाळेत मला शिकवलं होतं की पृथ्वी कललेली आहे आणि ती सूर्याभोवती फिरते, म्हणून ऋतू बदलतात. हॅम्बर्गला आल्यावर कळलं की हे साफ चूक आहे. इथे ऋतू माझ्या विहीणबाई बदलतात. त्यांनी सांगितल्याशिवाय आमच्या घरात वसंत येत नाही आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय हिवाळा जात नाही. एप्रिलमध्ये चुकून एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडतं, शेजारचे जर्मन अर्ध्या चड्डीत गवतावर आडवे होतात, आणि तुमचे आजोबा लोकरीची टोपी घालून, गळ्याला मफलर गुंडाळून पाव आणायला निघतात. लोक वळून बघतात. आजोबा म्हणतात, "काय करणार, वरून ऑर्डर आलेली नाही."

तर मुलांनो, हे तुमच्या लाओलाओबद्दल आहे, म्हणजे तुमच्या आईच्या आईबद्दल. खरं सांगायचं तर ते त्यांच्या डोळ्यांबद्दल आहे, पण तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल. बाबा तुम्हाला वाचून दाखवील. वाचताना तो काही गाळत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

तुमच्या बाबाने लग्न ठरवलं तेव्हा मी इंग्रजीत विचार करून पाहिला की या बाईंना आता काय म्हणायचं. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही. जर्मनमध्येही नाही. मुलाची सासू माझी कोण, हा प्रश्न त्या दोन्ही भाषांना कधी पडलेलाच दिसत नाही. मराठीत मात्र विहीणबाई आहेत, आणि चिनी भाषेत छिंगज्यामू आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी छातीवर हात ठेवून मला तो शब्द सांगितला, मी त्यांना माझा सांगितला, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना एवढ्याच नावाने हाक मारतो. बाकीचं सगळं जर्मनमध्ये. त्यांचं जर्मन त्यांनी कपडे दुरुस्तीच्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांकडून गोळा केलेलं, त्यामुळे त्यात बाही, चेन, कंबर आणि 'गुरुवारी मिळेल' हे उत्तम आहे. माझं जर्मन मी वर्गाला जाऊन, वह्या भरून, परीक्षा देऊन शिकले, त्यामुळे त्यात व्याकरण उत्तम आहे आणि बोलायला काही नाही. आम्ही दोघी मिळून एक माणूस बरं जर्मन बोलतो.

विहीणबाईंचा पहिला सिद्धांत असा की जगातले सगळे आजार गार पाण्यातून येतात. गुडघेदुखी, केस गळणं, मुलांचे कमी मार्क, सगळं. एकदा आम्ही तिघं हार्बरच्या फेरीबोटीतून उतरून एल्बेकाठच्या कॅफेत बसलो. वेटरने काय हवं ते विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, "गरम पाणी."

"आणि चहा कोणता?"

"चहा नाही. पाणी."

"लिंबू घालून?"

"नुसतं. गरम."

त्या बिचाऱ्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबा मफलरमध्ये तोंड लपवून नदीकडे बघत होते. शेवटी मोठ्या पेल्यात पाणी आलं. विहीणबाईंनी त्यात बोट बुडवलं आणि ते परत पाठवलं. पुरेसं गरम नव्हतं. दुसऱ्यांदा तो वेटर पेला घेऊन आला तो नॅपकिनने धरून, तोंडावर सूड घेतल्याचा आनंद. विहीणबाई ते पाणी फुंकरही न मारता प्यायल्या आणि त्याला म्हणाल्या, "गेनाऊ. बरोब्बर असं." त्या दिवसापासून तो मुलगा आम्हाला लांबून बघितलं की किटली लावतो.

दुसरा सिद्धांत खाण्याचा. आपल्याकडे वर्षाचे सहा ऋतू, जर्मन लोकांचे दोन, एक पावसाचा आणि एक सुट्टीचा. विहीणबाईंच्या वर्षाचे चोवीस तुकडे आहेत, पंधरा-पंधरा दिवसांचे, आणि प्रत्येक तुकड्यात काय शिजवायचं ते ठरलेलं आहे. शरदात हवा कोरडी होते, म्हणून नासपती खडीसाखरेत शिजवून फुफ्फुसांना द्यायची. मला नाही, फुफ्फुसांना. त्या बोलतात तेव्हा असंच वाटतं की आपण मधले नुसते हमाल आहोत आणि खरा व्यवहार त्यांचा थेट आपल्या अवयवांशी चालला आहे. हिवाळ्यात काळे तीळ आणि अक्रोड मूत्रपिंडांना. वसंतात कोवळ्या हिरव्या भाज्या यकृताला. उन्हाळ्यात मुगाचं गोड पाणी, कशाला ते विसरले, बहुतेक हृदयाला. हॅम्बर्गचा उन्हाळा गेल्या वर्षी एका बुधवारी आला होता. विहीणबाईंनी पहाटे पाचला मूग भिजत घातले, दुपारी मोठं पातेलं घेऊन दोन स्टेशनं यू-बान मेट्रोने आल्या, आणि आम्ही पहिला घोट घेईपर्यंत बाहेर पाऊस सुरू झाला होता. तरीही पातेलं संपवावं लागलं. ऋतूने शब्द मोडला म्हणून त्यांनी मोडायचा नसतो.

तुमचे आजोबा विमानाच्या इंजिनांवर आयुष्यभर काम केलेला माणूस. पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी विहीणबाईंनी घरी केलेले डंपलिंग त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं की आज हे खाल्ले नाहीत तर थंडीने कान गळून पडतात. आजोबांनी अठ्ठावीस खाल्ले. नंतर मला म्हणाले, "कान दोन्ही जागेवर आहेत. पुरावा आणखी काय हवा?" त्या दिवसापासून ते विहीणबाईंच्या पक्षात गेले आणि घरात मी एकटी उरले.

तिसरा सिद्धांत विश्रांतीचा, आणि आमची खरी भांडणं त्यावर. तुम्हाला माहीत आहे, मी सकाळी दिवसाची यादी करते आणि संध्याकाळी तिच्यावर रेघा मारते. रेघ राहिली तर मला झोप येत नाही. विहीणबाईंच्या मते रिकामं बसणं हे काम आहे आणि ते वेळेवर व्हायला हवं. दुपारी एक ते अडीच त्या झोपतात. कुठेही असल्या तरी. आजोबांच्या पंच्याहत्तरीला आम्ही घरी जेवण ठेवलं होतं, पंधरा माणसं, त्यांत आजोबांचे जुने जर्मन साहेब. एक वाजला. विहीणबाईंनी ताट खाली ठेवलं, साहेबांना मान लववली, आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगावर पाहुण्यांचे कोट रचलेले होते त्यांच्यावर आडव्या झाल्या. साहेबांना लवकर निघायचं होतं. त्यांचा कोट सगळ्यात खाली. कोणाची हिंमत झाली नाही. अडीच वाजता विहीणबाई ताज्यातवान्या बाहेर आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय. गुरुवारी मिळेल."

मला एकदा कडक सर्दी-ताप झाला तेव्हा त्या आलं आणि कांद्याची पात उकळलेलं पाणी घेऊन आल्या, माझी यादी माझ्या हातातून काढून स्वतःच्या पिशवीत घातली आणि तीन दिवस मला अंथरुणातून उठू दिलं नाही. मी म्हटलं, "अहो विहीणबाई, निदान भांडी तरी..." त्या म्हणाल्या, "भांडी पळून जात नाहीत. भांड्यांना पाय नाहीत." चौथ्या दिवशी मला बरं वाटलं. त्यांनी श्रेय आल्याला दिलं, डॉक्टरांनी काळाला दिलं. यादी मला परत मिळाली तेव्हा तिच्यातली निम्मी कामं आपोआप निकामी झाली होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी तुम्ही न्यूझीलंडला गेलात, आणि विहीणबाईंचं शास्त्रच उलटं झालं.

तिकडे ऋतू उलटे असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरात त्यांनी तुमच्या फुफ्फुसांसाठी एक भलं मोठं खोकं पाठवलं. वाळवलेल्या नासपती, लिलीचे वाळके कंद, खडीसाखर, शेवंतीची सुकवलेली फुलं. आपण शेवंती देवाला वाहतो किंवा केसांत माळतो, त्या उकळून पितात, डोळ्यांसाठी. तिकडच्या कस्टमवाल्यांनी खोकं उघडलं आणि परदेशी झाडपाला आणायला बंदी आहे असं छापील पत्र देऊन सगळं ठेवून घेतलं. तुमच्या आईने फोनवर भीत भीत सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की इथे आता वसंत आहे. आम्हाला वाटलं विहीणबाई चिडणार. पण त्या आदराने म्हणाल्या, "त्या साहेबांना कळतं. वसंतात शरदाचं खाणं पाठवलं, ते अडवणारच."

आजोबांनी त्यांना समजावून सांगायला संत्रं घेतलं. टेबलावरचा दिवा म्हणजे सूर्य, संत्रं म्हणजे पृथ्वी, इथे हॅम्बर्ग, आणि खाली देठाजवळ न्यूझीलंड. संत्रं तिरकं धरून ते दिव्याभोवती दोनदा फिरले. विहीणबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. मग आजोबांच्या हातातून पृथ्वी काढून घेतली, फ्रीजमधून आलेली गार आहे म्हणून गरम पाण्याच्या वाडग्यात बुडवून ठेवली, आणि पाच मिनिटांनी सोलून आम्हा तिघांत वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं होती. एक हॅम्बर्गचं, सरळ. एक तुमचं, उलटं टांगलेलं, डोकं खाली पाय वर. तेव्हापासून त्या तुमच्यासाठी वेगळं आणि आमच्यासाठी वेगळं असे दोन ऋतू एकाच ओट्यावर सांभाळतात. इथे आम्ही तीळ खातो आणि शेजारच्या भांड्यात तुमचं मुगाचं पाणी उकळत असतं. ते पिणार कोण? आजोबा.

आता डोळ्यांकडे येते.

दुकान बंद केलं तरी शेजारपाजारचे लोक अजून त्यांच्याकडे कपडे टाकतात. मी दर मंगळवारी त्यांच्याकडे जाते. कधीपासून कोण जाणे, मी गेले की त्या माझ्यापुढे सुयांची डबी सरकवायच्या. "छिंगज्यामू, तुम्ही बसलाच आहात तर एवढ्या ओवा." मी बारा सुया ओवून सुयांच्या गादीला टोचून ठेवायची. मला वाटायचं, मला रिकामं बसायची लाज वाटते म्हणून हे काम. इतकी हुशार मी. मग एकदा आजोबांची तपकिरी पँट हिरव्या दोऱ्याने शिवून आली. आजोबा म्हणाले, वसंत आहे, यकृताला हिरवं लागत असेल. आम्ही हसलो. मग एका रविवारी व्हिडिओवर तुम्ही दोघं होतात, आणि विहीणबाई मोठीला म्हणाल्या, "लाल स्वेटर छान दिसतो तुला." तू काही बोलली नाहीस, शहाणी पोर. तू निळ्या शाळेच्या गणवेशात होतीस. लाल होती ती तुझ्यामागच्या खुर्चीवरची उशी.

तुमच्या आईने तिकडून फोन करून करून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला लावलं. मी सोबत गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टर म्हणाल्या, लवकर करून घ्या, जितकं लांबवाल तितकं अवघड होईल. सोपी शस्त्रक्रिया, त्याच दिवशी घरी. इथे असा टर्मिन, म्हणजे डॉक्टरची ठरवून घेतलेली वेळ, मिळायला तीन-चार महिने थांबावं लागतं, हे तुम्हाला आठवत असेल. आम्हाला मिळाला एप्रिलचा.

एप्रिलमध्ये विहीणबाई म्हणाल्या, वसंतात यकृत जागं असतं आणि डोळे यकृताचे, अशा वेळी त्यांना हात लावायचा नाही. टर्मिन रद्द. पुढचा जुलैअखेरचा. उन्हाळ्यात जखम चिघळते. रद्द. मग नोव्हेंबर. कोरडी हवा, डोळा सुकून जाईल. रद्द. दर वेळी मी फोन करून माफी मागायची आणि दवाखान्यातली मुलगी माझ्या आवाजावरूनच ओळखायला लागली. "आल्झो, मग आता कुठला ऋतू आडवा आला?" दरम्यान विहीणबाई शेवंतीचा चहा दुप्पट पीत होत्या आणि सायकलींच्या लाल पट्ट्यावरून फुटपाथ समजून चालत होत्या. दोनदा सायकलवाले ओरडून गेले. दुसऱ्यांदा मी त्यांचा दंड धरून ओढलं तेव्हा त्या मलाच म्हणाल्या, "एवढ्या जोरात ओढू नका, छिंगज्यामू, तुमच्या खांद्याला वारा लागेल."

तुमच्या आईचा रडत फोन आला. "आई, ती तुमचं ऐकेल. तुम्हीच काहीतरी करा." माझं त्यांनी कधी ऐकलं होतं? पण यादीत लिहिलं, आणि फेब्रुवारीचा टर्मिन हातात घेऊन मंगळवारी गेले.

"हिवाळ्यात नको," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात शरीर दार लावून बसलेलं असतं."

"चारही ऋतू झाले, विहीणबाई. आता पाचवा कुठून आणणार?"

"आहे ना. आमच्यात पाच असतात. उन्हाळ्याच्या शेवटी एक वेगळा येतो. तेव्हा पाहू."

माझा तोल गेला. आयुष्यभर मी शिस्तीने बोलत आले, त्या दिवशी नाही बोलले. म्हटलं, "तो स्वेटर नव्हता. उशी होती. पोर निळ्या कपड्यांत होती. तुम्ही उशीचं कौतुक केलंत."

विहीणबाई भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. मला माझी जीभ चावावीशी वाटली. मग त्या हळू म्हणाल्या, "मला माहीत आहे की मला दिसत नाही." आणि सुरी खाली ठेवून, "पण थोडं दिसतं. पडद्यावर दोन डोकी हलतात, ते दिसतं. कोणतं मोठं, कोणतं लहान, ते कळतं. माझ्या आत्याचा डोळा असा कापला होता, आमच्या गावात. तिला नंतर काहीच दिसलं नाही. मुलं उन्हाळ्यात येणार, असं मुलगी दर वर्षी म्हणते. ती येऊन जाऊ देत. एवढ्याशा डोळ्यांनी का होईना, जवळून बघते. मग कापा, आणि मग जाऊ दे काय जायचं ते."

तर चारही ऋतूंचं कारण हे होतं. यकृताचा काही संबंध नव्हता. आणि तुमच्या आईबाबांनी तिकिटं दर वर्षी पुढे ढकलली, त्याची कारणंही खरीच होती, मी कोणाला बोल लावत नाही.

माझ्याजवळ त्या मंगळवारी व्याकरण होतं आणि बोलायला काही नव्हतं. मी म्हटलं, "मी तिथे बसून राहीन." त्या म्हणाल्या, "आत?" म्हटलं, "आत सोडणार नाहीत. दाराबाहेर." त्यांनी विचार केला. "एक डोळा," त्या म्हणाल्या. "दुसरा ठेवू. एक गेला तर दुसऱ्याने बघता येईल." मला त्यात काही चूक दिसली नाही. डॉक्टरही एका वेळी एकच करतात, हे मी सांगितलं नाही. सौदा जिंकल्याचा आनंद त्यांना असू द्यावा.

फेब्रुवारीत उजवा डोळा झाला. पंचवीस मिनिटं. मी दाराबाहेर बसले होते आणि त्या पंचवीस मिनिटांत मी काय केलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. विहीणबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, आणि म्हणाल्या, "छिंगज्यामू, तुम्ही झोपत नाही नीट." मग खिडकीबाहेर. मग स्वतःच्या हातांकडे, दोन्ही बाजूंनी. डॉक्टर समाधानाने हसत होत्या. तुमची आई फोनवर रडत होती. सगळं ठीक झालं होतं.

रविवारी तुम्ही पडद्यावर आलात. विहीणबाई चष्मा न लावता, पाठ ताठ करून बसल्या. मी शेजारी. तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "लाओलाओ, दिसतंय का?" त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. काय खाल्लं विचारलं नाही. पायांत मोजे आहेत का विचारलं नाही. तुम्ही शाळेतलं सांगत होतात, आणि त्या नुसत्या बघत होत्या. तुम्हाला वाटलं असेल आवाज गेला. आवाज गेला नव्हता.

फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "धाकट्याचे पुढचे दात आले."

"हो. कधीच."

"कधी?"

"दीड वर्ष झालं असेल."

"आणि मोठी माझ्या मुलीच्या खांद्याला लागते."

"हो."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

मी काय सांगणार होते? मला दर रविवारी दिसत होतं, म्हणून ते सांगण्यासारखं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत जोवर ढग होते तोवर तुम्ही दोघं विमानतळावर निरोप घेताना होतात तेवढेच राहिला होतात. एकाच दिवशी तुम्ही तीन वर्षांनी मोठे झालात, त्यांच्या देखत, पंधरा मिनिटांत.

आता डाव्या डोळ्याचा टर्मिन मे महिन्यातला आहे. त्या स्वतःहून म्हणाल्या की ठेवा. मी यादीत लिहून ठेवला आहे आणि त्या दिवशीही दाराबाहेर मीच बसणार आहे. तुमच्या आईबाबांनी तिकिटांचं काय ते त्यांचं ते बघावं, मी त्यात पडत नाही.

पण त्या रविवारी मी निघताना विहीणबाईंनी एक निरोप दिला आहे आणि तो तुम्हाला पोचवायचं मी कबूल केलं आहे, म्हणून हे एवढं लांब पत्र. कोट घालून मी दारात उभी होते. त्यांनी माझं वरचं बटण लावून दिलं, आणि म्हणाल्या, "मुलांना लिहाल ना?"

म्हटलं, "लिहीन. काय लिहू?"

त्यांनी जरा शोधलं. दुकानातल्या जर्मनमध्ये ते मिळेना, आणि माझ्यातही नव्हतं.

"लिहा," त्या म्हणाल्या, "वाढा, पण जरा हळू."